चारशे बारा वाक्यं

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. दिवसभर लोकांचे फोन उघडून बसलं, की स्वतःजवळ फोन ठेवायची इच्छाच मरते, हे तुझं नेहमीचं म्हणणं. मला मान्य आहे. पण मग पत्रं तरी वेळेवर टाकावीत. दुकानातल्या फोनवर मी तुला झापू शकत नाही, हे ठाऊक आहे म्हणून चाललंय सगळं.

आई बरी आहे, आजचं सांगितलेलं मात्र तासाभरात विसरते. डोळ्यांचं विचारू नकोस, आता उजेड-अंधारही कळत नाही. कान मात्र इतके तिखट, की शेजारच्या शिंपीणकाकूंनी मशीनची सुई बदलली तरी तिला भिंतीपलीकडून कळतं.

पत्राचं खरं कारण आपलं यंत्र. चार दिवस झाले, त्या लॅपटॉपच्या पोटातून टक्-टक् असा आवाज येतो आहे. काल बाहेर पडताना मी सत्तावन्न नंबर दाबला. सत्तावन्न म्हणजे, आई, मी तलावाच्या ऑफिसात जाऊन दोन तासांत येते. तर ते फक्त 'आई, मी' एवढंच बोललं आणि थांबलं. आई वाट बघत राहिली. मग म्हणाली, की अगं मी काय, पुढे बोल की. मी दहादा कळ दाबली. शेवटी तिचा खांदा थोपटून निघाले. दोन तासांनी परत आले तर ती तिथेच, तशीच बसलेली.

दादा, मी घाबरले आहे. घशाच्या ऑपरेशनला नऊ वर्षं झाली. मला बोलता येत नाही आणि मी लिहिलेलं तिला दिसत नाही. ऑपरेशनच्या आधी चार दिवस दुकान बंद ठेवून तू माझ्याकडून जी चारशे बारा वाक्यं बोलून घेतलीस, त्यांच्यावर आमचं दोघींचं घर चाललं आहे. त्यांची दुसरी प्रत तुझ्या दुकानातल्या मोठ्या संगणकावर आहेच. तेवढी पाठव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

लोभ असावा ही विनंती.
तुझी,
भोंगा

९ फेब्रुवारी

चि. भोंगा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोहण्याच्या तलावाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोरांना शिट्टीशिवाय बाहेर काढणारी तू, तुझं पत्रसुद्धा मोठ्याने ऐकू येतं. आईच्या कानांचं वाचून मजा वाटली. लहानपणी माझ्या खिशातले स्क्रू वाजले तरी तिला कळायचं, की आज घड्याळाचा बळी गेला.

आता नीट ऐक. ते टक्-टक् म्हणजे आतल्या डिस्कचं दुखणं. दर वेळी सुरू करशील तेव्हा ती थोडी आणखी खरवडली जाईल. तेव्हा यंत्र आजच बंद कर, टॉवेलात गुंडाळ आणि पार्सलने माझ्याकडे पाठवून दे. पुन्हा सुरू करून बघू नकोस.

बाकी ठीक. अर्ध्या गाळ्यात आलो त्याला वर्ष होईल. येताना निम्मं सामान काढून टाकलं, तरी हलायला जागा नाही. पाटी मात्र जुनीच लावली आहे : 'जुनी यंत्रं विकण्याआधी पुसून मिळतील.' त्या पाटीमुळेच गिऱ्हाईक येतं. कालच एक वकीलबाई तीन लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांना म्हटलं, मी तीन वेळा पुसतो, मग ब्रह्मदेव आला तरी आतलं काही मिळायचं नाही.

यंत्र लगेच पाठव. आईस शि. सा. नमस्कार.
तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू तीन पानं लिहिशील, पण विचारलेल्याचं उत्तर देणार नाहीस. प्रत कुठे आहे? ती आली, की यंत्र पाठवते. त्याआधी नाही. पार्सल जायला-यायला आठ दिवस, दुरुस्तीला तू लावशील तेवढे, तोवर आईने काय भिंतीशी बोलायचं?

नव्या वस्तूचा प्रयोग करून झाला आहे. शिंपीणकाकूंच्या जावयाने एक टॅबलेट आणून दिला. आपण टाइप करायचं आणि ते एका बाईच्या तयार आवाजात बोलतं. जावई मोठ्या कौतुकाने उभा होता. मी लिहिलं, की आई, दूध तापलंय. आईने पाय वर ओढून घेतले आणि विचारलं, की घरात ही कोण बाई आली आहे. मी घाईघाईने लिहिलं, की आई, मीच आहे. तेही त्या बाईनेच सांगितलं. आई ओरडायला लागली, की माझी मुलगी कुठे आहे, तिला बोलवा. मी समोर उभी होते, दादा. तिचे हात धरले तर तिने ते झटकले. सत्तावन्न, बारा, एकशे चार, हाताला येईल ते दाबत सुटले तेव्हा कुठे ती शांत झाली. टॅबलेट खोक्यात घालून परत केला.

त्या दिवशी मी ठरवलं. प्रत तुझ्याकडे सुखरूप आहे ना, मग याला करू दे टक्-टक्. आहे तोवर भरपूर वापरून घेते. रविवारी तीनशे एक लावलं, तुझ्या लग्नातल्या धोतराचा किस्सा. आई नऊ वर्षं त्याच ठिकाणी हसते आहे.

तुझा आळस लवकर दूर होवो. लोभ असावा.
तुझी,
भोंगा

१९ फेब्रुवारी

चि. भोंगा हिस,
अ. उ. आ.

घाईत लिहितो आहे. किस्से लावू नकोस. अगदी अडलं तरच वापर, नाहीतर तेही नको. यंत्र बंद करून पाठव, मी हात जोडतो. प्रत शोधतो आहे. सामान हलवल्यामुळे इकडचं तिकडे झालं आहे, सापडेल.

स्वतः येऊन घेऊन गेलो असतो, पण दुकान एकट्यावर आहे.
तुझा,
दादा

२२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

ते गेलं.

काल सकाळी बारा नंबर दाबला, आई, उठतेस ना. त्याने किंचाळल्यासारखा एक आवाज काढला आणि पडदा काळा झाला. तुझं पत्र दुपारी आलं. यंत्र याच पार्सलमध्ये आहे, टॉवेलात गुंडाळून.

आई दिवसभर मला हाका मारत होती आणि मी धावत जात होते. हात धरला, की तिला मी कळते. पण मी का बोलत नाही, हे कळत नाही. यंत्र बिघडलं हे काकूंनी सांगितलं, तेव्हा मान हलवली आणि तासाभराने पुन्हा विचारलं, की तू रागावली आहेस का. मी काय केलं, सांग तरी. मी चिठ्ठ्या लिहून काकूंकडून वाचून घेते, पण काकू कोर्टाची नोटीस वाचल्यासारखं वाचतात आणि आई त्यांनाच हो हो म्हणते. काल संध्याकाळपासून तिने हाका मारणं बंद केलं आहे. जेवायला वाढलं, की भिंतीकडे तोंड करून झोपते.

प्रत सापडली असेल तर पाठव. नसेल तर दुकान उलटंपालटं कर. वाक्यं सगळी नसली तरी चालतील. मला दहा दे. मला फक्त बारा नंबर दे.

तुझी,
भोंगा

२ मार्च

चि. भोंगा हिस,
अनेक आशीर्वाद. ते द्यायचा अधिकार मला उरला आहे का, ठाऊक नाही.

यंत्र पोचलं. डिस्क उघडली. आतली तबकडी काठापासून मध्यापर्यंत खरवडली गेली आहे. माझ्याहून जाणत्या माणसाकडे नेली. त्याने भिंगाखाली पाहिली आणि झाकण लावून परत दिली.

प्रत नाही. शोधतो आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. अर्ध्या गाळ्यात येताना दुकानातला मोठा संगणक मी विकला. विकण्याआधी, पाटीवर लिहिलं आहे तसा, पुसला. तीन वेळा. दुसऱ्याचा असता तर दहादा विचारलं असतं, की आत काही ठेवण्यासारखं आहे का. स्वतःचा होता म्हणून कुणाला विचारलं नाही. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा आठवलं आणि हातातला चिमटा खाली पडला.

याहून वाईट पुढे आहे, तेही लिहितो. तेव्हा यंत्र जिवंत होतं. प्रत माझ्याकडे नाही, एवढं एक वाक्य नऊ तारखेला लिहिलं असतं, तर तू त्याच दिवशी ते बंद केलं असतंस आणि मी वाक्यं काढू शकलो असतो. बरीचशी नक्की. मी लाज राखायला गेलो आणि तू प्रत आहे या भरवशावर वापरत राहिलीस. दुकानाचं निमित्तही खोटंच होतं. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

तुझा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा डॉक्टरांनी काढला, तो तुझा जीव वाचवायला. दुसऱ्यांदा मी घालवला.
दादा

६ मार्च

दादा,

पत्र मिळालं. आई दोन दिवस जेवलेली नाही. तुला लिहिण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

१२ मार्च

चि. भोंगा हिस,

उत्तराची अपेक्षा नाही. तरी हे पार्सल उघड.

तू लिहिलंस तेव्हापासून दुकान बंद ठेवून सगळी भंगाराची खोकी उपसली. त्यात हा छोटा रेकॉर्डर सापडला. तुझी वाक्यं आपण यावरच घेतली होती. चांगलं आलेलं वाक्य मी संगणकावर घ्यायचो आणि याच्यातून काढून टाकायचो, जागा कमी म्हणून. फसलेली तशीच राहिली. नंतर बॅटरी फुगून हा बंद पडला आणि खोक्यात गेला. मी फक्त विकायच्या वस्तू पुसतो. हा विकायच्या लायकीचाच नव्हता, म्हणून वाचला.

नवी बॅटरी घातली आहे, लाल कळ दाबलीस की बोलेल. आशा मोठी ठेवू नकोस. बारा नंबर यात नाही. तू अडखळलेली, खोकलेली, मला शिव्या घातलेल्या, असलंच चाळीस मिनिटं आहे. कामाचं एकही वाक्य नसावं. मी तिसऱ्या शिवीच्या पुढे ऐकू शकलो नाही.

दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सल दोन दिवस उंबऱ्याशी पडलं होतं. मी हात लावला नाही. शेवटी काकूंनी कात्रीने उघडलं आणि आईच्या खाटेपाशी आणून ठेवलं. मी लाल कळ दाबली.

आधी माझा खोकला आला. आईने भिंतीकडचं तोंड फिरवलं. मग मी तुला बोलले, की दादा, तुझी ही खुर्ची कुरकुरते, हिला आधी तेल पाज, मग माझा आवाज घे. आई उठून बसली. मग ते गोळी घ्यायला सांगायचं वाक्य, मी चारदा चुकते, पाचव्यांदा हसू फुटतं आणि तूही हसतोस. आईही हसली. म्हणाली, की हिला जन्मात कधी कागद बघून वाचता आलं नाही. पंचविसाव्या दिवशी घरात कुणीतरी हसलं.

शेवटचं तू ऐकलेलं नाहीस, म्हणून लिहिते. ऑपरेशनच्या आदल्या दुपारचं आहे. तू चहा आणायला गेलेला आहेस आणि रेकॉर्डर चालूच राहिला आहे. बराच वेळ काही नाही. मग मी एकटीच बोलते. म्हणते, की आई, मला भीती वाटतेय. मला घरी यायचंय. असं तीनदा म्हणते. मग तुझ्या चपला वाजतात आणि मी घसा साफ करून पुढचं वाक्य मागते.

मी हे बोलले होते, हे मला आठवतही नव्हतं. बंद करायला हात पुढे केला तर आईने मनगट पकडलं. विचारलं, की हे कधीचं. मी तिच्या तळहातावर बोटाने नऊ वेळा टकटक केलं. तिने मोजलं. नंतर म्हणाली, की नऊ वर्षं तुझा आवाज मला सांगतोय, गोळी घे, पायरी सांभाळ, दूध पी. तुझं काय चाललंय ते एकदाही बोलला नाही. मला वाटलं, तुला मी आता नुसतं काम झाले.

दादा, मी आठवून पाहिलं. चारशे बारा वाक्यं बसून लिहून काढली आपण, एकेक नंबर घालून. तिच्यापाशी काही मागायचं वाक्य त्यात एकही नव्हतं. तुलाही सुचलं नाही, मलाही नाही.

मग तिने विचारलं, की अजून भीती वाटते का. हो असेल तर एकदा वाजव, नाही तर दोनदा. मी एकदा वाजवलं. तिने सरकून खाटेवर एका बाजूला जागा केली. त्रेपन्न वर्षांची बाई मी, पाय पोटाशी घेऊन तिथे झोपले. संध्याकाळी ती माझ्या हातून चार घास जेवली.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. एक टकटक आणि दोन टकटक यांत संसार मावत नाही. काल दुपारभर ती विचारत होती, की बाहेर कोण आलं होतं, आणि मला सांगता येईना. दोघीही चिडलो, दोघीही रडलो. तू केलंस ते मी विसरले, असंही लिहवत नाही. तसं लिहायचं झालं तर खोटं होईल आणि खोट्याचं काय होतं ते आपण पाहिलं.

रेकॉर्डर तिने उशीखाली ठेवला आहे. तो आता दुरुस्तीला मागू नकोस.

आज सकाळी तिने विचारलं, की दादा का येत नाही, त्यालाही भीती वाटते का. मी एकदा वाजवलं. ती म्हणाली, की मग त्याला लिही, खाटेला दुसरी बाजू आहे.

लोभ आहे. पार्सलने काही पाठवू नकोस, तू ये.
तुझी,
भोंगा