एसीचं पाणी आणि घाना

३ सप्टेंबर, मंगळवार

निवडलं! दोघांनाही! घानाच्या उत्तरेला, कोरड्या भागातल्या एका गावात, वर्षभर — स्वयंसेवक जोडपं म्हणून! ईमेल आधी सूर्यकांतने वाचला, मग मी, मग त्याने पुन्हा मोठ्याने वाचला, जणू मला इंग्रजी येत नाही. (तोंडावर 'अहो'. वहीत 'सूर्यकांत' आणि 'तो'. वही माझी आहे.)

महिनाअखेर तो रिटायर होतोय. मग कंपनीचं घर परत, व्हिसा रद्द, आणि अमिरातीतलं हे चोवीस वर्षांचं अल ऐन गुंडाळून पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत बसायचं, असं ठरल्यासारखंच होतं. त्याऐवजी घाना! आज दोनदा दूध उतू गेलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

आभाला फोन केला. लेक दुबईत नोकरी करते आणि आम्ही म्हातारे झालो असं तिला वाटतं. "मॉम, आर यू सिरियस? यू गेट टायर्ड इन द मॉल!" म्हटलं, बाई, मॉलमध्ये मी थकत नाही, कंटाळते.

९ सप्टेंबर, सोमवार

घानाला पाठवणाऱ्या संस्थेच्या रंजिताबरोबर व्हिडिओ कॉल. दिल्लीला असते, तिकडची कामं तीच वाटून देते. सूर्यकांत टाय लावून बसला होता! पंपांच्या नोकरीची तीस वर्षं, बावीस स्लाइड्स. चौथ्या स्लाइडला तिने मध्येच विचारलं, "दीदी, आपके पीछे वो बेल काहे की है?"

मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि दोडक्याचा वेल दिसत होता. मग काय, मी सुटलेच. घरातल्या पाच एसींच्या नळ्या कशा बादल्यांत सोडल्यात, ते पाणी कपाने कसं मोजून घालायचं, वाळूत खजुराच्या झावळ्यांचा चुरा किती मिसळायचा, उन्हाळ्यात कुठली जाळी बांधायची. शेजारची अजरा माझ्याकडून शिकली, तिच्याकडून तिच्या मैत्रिणी, आता अकरा घरांमागे भाजी आहे. रंजिता लिहून घेत होती. त्या गावात पाऊस संपला की सात-आठ महिने थेंब नाही, म्हणाली. बायका डोक्यावरून पाणी आणून वाफे जगवतात.

चाळीस मिनिटं बोललो आम्ही दोघी. स्लाइड पाच राहिलीच.

१० सप्टेंबर, मंगळवार

नवं पत्र आलं. प्रमुख स्वयंसेवक: अनुराधा. सोबत येणारा जोडीदार: सूर्यकांत.

तीनदा वाचलं. या देशात चोवीस वर्षं माझा व्हिसा त्याच्या नावावर. स्पॉन्सर — नवरा. व्यवसाय — गृहिणी. शाळेत शिकवायचं मनात आलं होतं एकदा, तेव्हा आधी नवऱ्याची एनओसी आणा म्हणाले. आणि आता तो माझा डिपेंडंट!

जेवताना सांगितलं. बराच वेळ भात कालवत बसला. मग गंभीरपणे विचारलं, डिपेंडंटला मच्छरदाणी वेगळी मिळते का? हसून हसून मला ठसका लागला. चांगला माणूस आहे हो.

१४ सप्टेंबर, शनिवार

अजरा आली, पॅकिंग बघायला. रत्नागिरीची, इथे येऊन मला दोन वर्षं सीनियर. तिची काळजी एकच, "भाभी, तिथे खाणार काय तुम्ही?" तेवढ्यात रंजिताने गावच्या बाजाराचे फोटो पाठवले. बाजरी! शेंगदाणे! आणि जुड्या बांधलेली, लाल देठाची — अंबाडी! घानात अंबाडी! मी आणि अजरा फोटो मोठा करकरून बघत होतो. "चला, यल्ला," अजरा म्हणाली, "आता मी पण येते."

१८ सप्टेंबर, बुधवार

तिकडे मी तुझा ऑफिस बॉय होणार, असं सूर्यकांतने जाहीर केलं. चहा मात्र मीच केला.

२३ सप्टेंबर, सोमवार

क्लिनिकमध्ये गेलो होतो. पीतज्वराची लस. तिचं पिवळं कार्ड नसेल तर घानात पाऊलही ठेवू देत नाहीत.

मला टोचून झालं. मग डॉक्टरांनी सूर्यकांतला समोर बसवलं. मल्याळी बाई, शांत. हिंदीत नीट समजावलं, लशीत जिवंत विषाणू असतो, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल तर जिवावर बेतू शकतं. त्यातून साठी उलटलेली. कुठली गोळी रेग्युलर घेता?

"नो. नथिंग," सूर्यकांत म्हणाला.

त्याची संधिवाताची गोळी, नेमकी तसलीच, दर रविवारी असते. वर्षभराचा साठा पुण्याहून येतो, बॅगेत, गोड्या मसाल्याच्या पाकिटांशेजारी. इथल्या कुठल्याच डॉक्टरला ती ठाऊक नाही, इथल्या कुठल्याच फाइलवर ती नाही. सगळेच आणतात तशी आणतो आम्ही. फॉर्मवरही त्याने 'काही नाही' लिहिलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

दोन सेकंद मी गप्प होते. खरं लिहायचं तर चार. बोलले तर घाना गेलं, हे मला स्वच्छ कळत होतं. नर्सने सुई हातात घेतली होती.

"लेते हैं, डॉक्टर. हर संडे. पुणे से आती है."

डॉक्टरांनी सुई परत ठेवायला लावली; त्याला लस नाही, कार्ड नाही. गाडीत माझं पिवळं कार्ड त्याने न बघताच डॅशबोर्डवर टाकलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभरात त्याचं एकच वाक्य, संध्याकाळी. "तू गप्प बसली असतीस तर काय झालं असतं?"

म्हटलं, कदाचित काहीच नाही. कदाचित तुम्ही नसता. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

२५ सप्टेंबर, बुधवार

लशीचं कालच कळवलं होतं, आज रंजिताचा मेल. जागा माझ्या नावाची आहे, एकट्या येणार असलात तरी आहे. उद्या दुपारपर्यंत कळवा. तिकडच्या बायकांनी वाफ्यांसाठी जमीन साफ करून ठेवलीय. फोटोही होता. आठ-दहा जणी कमरेवर हात ठेवून उभ्या, कॅमेऱ्याकडे बघतायत.

सूर्यकांतचा राग उतरलाय. उलट फार प्रेमाने वागतोय, आणि तेच मला जड जातंय. "जाऊ दे गं," म्हणाला, "पुणं काय वाईट आहे? दोघांची तिकिटं बघतो." मला विचारलंच नाही. विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्याच्यासाठी जीव तुटतो माझा. खरंच तुटतो. आणि तरी दिवसभर तो फोटो उघडून बघतेय. पाच वेळा बघून झाला. मधली एक बाई हसतेय, तिच्या समोरचे दोन दात नाहीत. जायचंय मला. लिहिलं एकदाचं — जायचंय!

२६ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आठ. तो आंघोळीला गेला आणि मी रंजिताला फोन केला. म्हटलं, येते. एकटी.

आत पाणी बंद झालं. सांगते आता.