पट्टी बांधून खेळलो त्या दिवसाबद्दल

प्रिय भागवत,

फोन तू उचलत नाहीस, आणि मी दारात आलो की झोपल्याचं सोंग घेतोस, म्हणून कागदावर लिहितोय. तनुजा वाचून दाखवेल. तनू, तुझा भाऊ मध्येच ‘बस कर’ म्हणाला तरी थांबू नकोस.

काल लातूरला आपल्या शिवमूर्ती सरांनी जुडोचं शिबिर ठेवलं होतं. सर थकलेत. गुडघ्याला पट्टा लावून मॅटच्या कडेला खुर्चीवर बसतात, पण आवाज तोच. नांदेडच्या स्टँडवर गाडीत बसलो तेव्हा सवयीनं शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. अर्धापूरहून तू यायचास, केळीची फणी घेऊन, आणि सरावाआधी खाल्ली म्हणून सर आपल्या दोघांना पळायला लावायचे. सकाळच्या जुडोत पोरांना मी तुझी कमरेवरून फेकायची पद्धत दाखवली. तुझ्यासारखी मला अजून जमत नाही.

दुपारी ग्रॅपलिंग होतं. जाकीट न घालता जमिनीवर झुंजायचं, समोरचा थाप मारून हार मानेपर्यंत. सरांनी सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि माझी जोडी उदगीरच्या आनंदराजशी लावली. त्याला पट्टीची गरज नव्हती. त्याचीही नजर तुझ्यासारखीच गेली, भर विशीत, डोळ्यांच्या नसा सुकून. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो आणि सरांच्या इशाऱ्यावर वळलो. पोरगा चपळ आहे. श्वासावरून त्याला कळायचं मी कुठं वळणार ते. त्याचा हात माझ्या मानेखालून फिरला, अजून गळा आवळलाही नव्हता, आणि मी थाप मारली. भागवत, गळ्याची भीती नव्हती रे, अंधाराची होती. पट्टी ओरबाडून काढली, वरची ट्यूबलाइट दिसली आणि मला रडूच कोसळलं. मला पट्टी काढता आली म्हणून.

आनंदराज घाबरला. “लागलं का भाऊ?” म्हणत माझी मान चाचपू लागला. मग मी त्याला तुझं सगळं सांगितलं. हैदराबादच्या डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली ते, तू खोलीबाहेर येत नाहीस ते, जुडोचं जाकीट तनुजाला जाळायला सांगितलंस ते. त्यानं मानेवरचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाला, “मला समदे म्हणायचे, होईल नीट, होईल नीट. लई राग यायचा. एकटी बहीण म्हणाली, वाईट झालं रे दादा. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर रडलो.”

वाईट झालं, भागवत. लई वाईट झालं. ‘होईल नीट’ मी म्हणणार नाही.

येताना बसमध्ये ठरवलं होतं, शिबिराचं तुला लिहायचं, आनंदराजचा नंबर द्यायचा, पुन्हा मॅटवर ये म्हणायचं. ते आता राहू दे. आज सकाळी तनुजाचा फोन आला. तिला नीट बोलताही येत नव्हतं. परवा तू कुणाला न सांगता काठी टेकत विहिरीपर्यंत गेलास, आणि शेजारच्या केवळाबाई मावशीनं तुला काठावरून हाताला धरून आणलं. वारा खायला गेलो होतो म्हणालास म्हणे. तनू, वाच, इथं थांबू नकोस. भागवत, तू वारा खायला गेला नव्हतास, हे तुला, मला आणि मावशीला माहीत आहे. तुझे डोळे मला आणून देता येत नाहीत. पण ही गोष्ट तुझ्या एकट्याच्या पोटात मी राहू देणार नाही. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही, मीच घेऊन आलोय. ती वाचतेय आणि मी बाहेर ओसरीवर मावशीजवळ बसलोय. चार कपडे बरोबर आणलेत, दुकान अब्बा बघतील. शिव्या द्यायच्या तर दे, बोलावंसं नाही वाटलं तर बोलू नकोस. फक्त आतून एकदा खोकल्याचा तरी आवाज येऊ दे.

तुझाच,
फरहान