बाबांच्या गाडीतलं नवं कार्पेट

प्रिय रफल,

तुझं लग्न ठरल्याचं मावशीने तुमच्या एर्बिलहून कळवलं, तेव्हा मी भात भरून करायच्या डोल्म्यासाठी कांदे सोलत होते. तशीच अंगणात जाऊन लग्नघरात बायका देतात तशी लांब ललकारी दिली की शेजारची सिनानची आई भिंतीवरून ओरडली, "अगं यूनिसच्या आई, म्हातारपणी तुलाच मागणी आली की काय?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा असेल तर बघीन!" आनंदाने भूकच गेली बघ माझी. अक्षर वाकडं आहे, चौथीपुढे शाळा कुठे पाहिली मी? फोनवर तू मध्येच "आजी, तो विषय नको" म्हणून ठेवून देतेस. पत्र तसं तोडता येत नाही.

मावशी म्हणाली, काही झालं तरी बाबांच्या गाडीतून निघणार नाही म्हणतेस. आपल्या घरची मुलगी परक्याच्या भाड्याच्या गाडीतून जाणार, हे माझ्या घशाखाली उतरेना. मग मी बाबांच्या गाडीवरची ताडपत्री काढली. सिनानच्या बाबांनी सीटा खोलून दिल्या आणि मी आतलं कार्पेट उचकटून काढलं. साबणाने, मिठाने कितीदा धुतलं होतं गं ते! रंग फिका झाला, पण उन्हाळ्यात वास यायचाच.

बाजारातून राखाडी कार्पेट आणलं. झगा बेतायचा तसंच असेल म्हटलं, जुनं वर ठेवायचं, खडूने रेघ मारायची, चार बोटं जास्त ठेवून कापायचं. मागच्या दारापाशी आले आणि खडू अडला. तोफगोळा पडला त्या दिवशी तिथेच तू बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. पुलाच्या तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग हलत नव्हती, आणि इस्पितळ समोर दिसत होतं. मला तो डाग बघवेना. मी ते पालथं घातलं आणि तसंच कापलं.

झालं! गाडीत घातलं तर सगळं उलटं. सिनानचे बाबा पोट धरून हसले, "यूनिसच्या आई, डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरचे पाय उजवीकडे गेले! आता स्टीअरिंगही तिकडे नेऊ का?" मीही हसले, मग आत जाऊन रडले.

पुन्हा कार्पेट आणलं. या वेळी जुनं उताणं ठेवलं, डागावर तळहात दाबून धरला, आणि कापलं. मधल्या उंचवट्यावर वाफेची इस्त्री फिरवून चापून बसवलं. आता बरोबर बसलंय. डागाचा तुकडा तुझ्या बाबांच्या, माझ्या यूनिसच्या कबरीशेजारी पुरला. पालथं कापलेलं दारात टाकलंय, त्यावर सिनानच्या आईची मांजर झोपते.

लग्नाच्या आधी एकदा ये, एवढ्यासाठीच हे लिहिलं. त्या गाडीत बसायचं की नाही ते तूच ठरव, मी रुसणार नाही. फक्त मागच्या दारापाशी, तू बसली होतीस तिथली कड मी अजून चिकटवलेली नाही. यूनिस माझा मुलगा होता, पण शेवटी तो तुझ्या मांडीवर होता. ती कड तू दाबायची. गोंदाचा डबा स्वयंपाकघरात आहे, तांदळाच्या पिंपामागे.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आजी