आईचा तिसरा फोटो

प्रिय रविराज,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळला. पण आईनं आपल्या दोघांनाही एकाच मांडीवर झोपवलंय, तेव्हा तेवढं राहू दे. फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस, "ताई, क्लाएंट आलेत," म्हणून ठेवून देतोस. कागदाला ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी घरची बातमी. खुब्याच्या ऑपरेशनला आज सात आठवडे झाले. आई काल वॉकर घेऊन ओट्यापर्यंत गेली. गोठ्यात मी तिला जाऊ देत नाही, तर ओट्यावरूनच गायींशी बोलत बसते. मी इंदापूरच्या शाळेतनं रजा काढून इथं पणदऱ्यात राहिलेय. तू ऑपरेशनच्या दिवशी तासभर येऊन गेलास. जाताना तू काय म्हणालास ते मला पाठ आहे. "बरं झालं वजन आधीच कमी केलं होतं, ऑपरेशन सोपं गेलं." त्या क्षणी तुझ्या थोबाडीत द्यायला हवी होती. दिली नाही याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

तू बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला वजन कमी करायचं सेंटर काढलंस तेव्हा आईला आभाळ ठेंगणं झालं होतं. तिची शुगर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. तू भाकरी, भात, गूळ सगळं बंद केलंस. शुगर उतरली, हे मी नाकारत नाही. अठरा किलो वजनही उतरलं. मग तुझ्या बोर्डावर तिचे दोन फोटो लागले, 'आधी' आणि 'नंतर'. विहारात जमणाऱ्या बायका तिला हात लावून बघायच्या. ती म्हणायची, "माज्या पोराच्या हाताला गुण हाय." गेल्या वैशाख पौर्णिमेला विहारात खीर वाटली, तेव्हा तिनं वाटी नुसती कपाळाला लावली आणि शेजारच्या कुशाबाईंना दिली. कारण तू 'नाही' म्हणाला होतास.

काय खायचं नाही याची यादी तू फ्रिजवर चिकटवलीस. काय खायचं ते मात्र गाडी चालू ठेवून, दारातनंच सांगितलंस. अंडी, चिकन, पनीर, भाज्या. अरे, तू याच घरात वाढलास ना? चाकवत, माठ, तिळाची चटणी आपल्याकडं कधी कुणी नुसती खाल्लीय का? भाजी असते ती भाकरीला लावून खायला, आणि ताक असतं ते भाकरी कुस्करायला. भाकरी गेली तशी आईच्या ताटातनं भाजी गेली, चटणी गेली, ताकही गेलं. पनीर तिला कधी आवडलंच नाही. दूध तर आपल्या घरात जन्मापासून डेअरीला जातं, ताकापुरतं काय ते उरतं. चार गायी दारात आणि आई आयुष्यभर कोऱ्या चहावर. उरली उकडलेली अंडी आणि कधीमधी कोंबडी. पाच महिने ती त्यावर जगली आणि तू दर आठवड्याला फक्त वजनाचा आकडा विचारलास.

आणि पोट. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण आई असलं पोराला सांगणारी नाही. तिला चार-चार दिवस साफ होत नव्हतं. एरंडेल घ्यायची, संडासात अर्धा-अर्धा तास बसायची, घामाघूम होऊन बाहेर यायची आणि तुझा व्हिडिओ कॉल आला की पदर सावरून हसायची. मी एकदा म्हटलं, रविराजला सांगते. तर माझा हात धरला. "नगं गं, त्येला वाईट वाटंल. त्यो शिकल्याला हाय, काय तरी इचार केलाच आसंल त्यानं."

तू विचार केला नव्हतास. शुगर उतरली, पण तिच्या गोळ्या तेवढ्याच राहिल्या. डॉक्टरांना विचारून त्या कमी करून घ्या, हे तू सांगितलंच नाहीस. त्या सकाळी धार काढून उठताना शुगर फार खाली जाऊन तिला गरगरलं, ती गव्हाणीवर आदळली आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, भाकरी कमी करणं हा काही गुन्हा नाही, शुगरवाल्यांना त्याचा उपयोगही होतो. पण तिच्या जागी रोज वाडगाभर पालेभाजी हवी, दही हवं, तीळ हवेत, पाणी हवं, आणि या वयाच्या बाईची हाडं आधी तपासायला हवीत. आईची हाडं आधीपासूनच ठिसूळ होती. तू फक्त तिचं वजन बघितलंस.

आता ती वाडगाभर माठाची भाजी चमच्यानं नुसती खाते. पहिल्या दिवशी तोंड वेडंवाकडं केलं, आता सवय झाली. अर्धी भाकरी आणि वाटीभर दही डॉक्टरांनी लिहून दिलंय. पोट रोज साफ होतं. चालणं मात्र पूर्वीसारखं होईल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

रविवारी बारामतीत तुझं मोठं शिबिर आहे. जाहिरातीत आईचे तेच दोन फोटो बघितले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तक्रार करू, सगळ्या ग्रुपवर टाकू. आई म्हणाली, "मी सोत्ता जाते. तितं माज्यासारक्या बाया आसतील." आम्ही येतोय. तिच्या खुब्याचा एक्स-रे मी पिशवीत घातलाय, तुझ्या पडद्यावर दोन फोटो आले की तिसरा आम्ही दाखवू. ती एकच प्रश्न विचारणार आहे, आणि तो तिनं मला म्हणून दाखवलाय. "माज्या ताटातली भाकरी काडलीस, तिच्या जागी काय ठिवलंस?" तुला आधी कळवू नको, असं तिनं मला बजावलंय. मी मुद्दाम कळवतेय. आई पाच महिने पोटातलं दुखणं गिळून हसत राहिली. रविवारला पाच दिवस आहेत, तेवढे तू हसून दाखव. आणि पहिल्या रांगेत कडेची खुर्ची ठेव, वॉकरला जागा लागते.

तुझीच,
करुणाताई