दयानंदच्या हापूसवरचं बांडगूळ

९ फेब्रुवारी २००३, रविवार

झाड पाडलं. मोठ्याने बोलले तर शेजारच्या खोलीत ह्यांना ऐकू जाईल, गप्प राहिले तर माझंच डोकं फुटेल. म्हणून लिहायला बसले.

कुंपणापलीकडचा जुना रायवळ आंबा. त्यावर बांडगुळाचे झुबके, नळीसारखी नारिंगी फुलं आणि दिवसभर त्यांतला मध पिणारे शिंजीर. अर्धांगवायू झाल्यापासून ह्यांना खिडकीतून तेवढंच दिसायचं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. पण शिंजिराने चोच लावली की कळी फटकन उघडते, ते पाहून हसायचे. मी पौडला औषधं आणायला गेले, तेवढ्यात — सपाट!

शेजारच्या बंगल्याचा मालक दयानंद. नोकरी हिंजवडीत, शनिवार-रविवार इथे कासार आंबोलीत. ह्यांची पाखरं गेली, म्हणून जाब विचारला. शांतपणे म्हणाला, "काकू, झाड माझ्या हद्दीत होतं. त्या बांडगुळाची माझ्या हापूसला लागण झाली असती."

लागण. बरं.

११ फेब्रुवारी

हे दिवसभर खिडकीकडे पाहत होते. आहे काय तिथे? नुसतं आभाळ. संध्याकाळी तोंड भिंतीकडे फिरवलं. जेवले नाहीत.

२ मार्च

दयानंदने जयसिंगच्या हाती — हा त्याचा रखवालदार — जुना टीव्ही पाठवला. काकांना करमणूक म्हणे. आल्या पावली परत पाठवला. जयसिंग म्हणाला, "बाई, चालू हाय की वो." म्हटलं, मीही चालू आहे, सांग तुझ्या साहेबाला.

हे अजून भिंतीकडेच.

२० एप्रिल

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन चाळीस वर्षं झाली. उपयोग आज सुचला.

घोटावड्याच्या रस्त्याला बांडगुळं पिकली आहेत. फळ दाबलं की चिकट बी बाहेर येतं. पाखरं ते फांदीवर पुसतात, तिथेच ते रुजतं आणि झाडाचा रस पीत वाढतं. यंदा पाखरांचं काम मी करीन. त्याचे हापूस कुंपणालगत रांगेने उभे आहेत, एक तर थेट ह्यांच्या खिडकीसमोर. शिंजीर परत येतील! त्याच्याच झाडावर, त्याच्याच झाडाच्या जिवावर.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुपारी जयसिंग झोपतो. तार वाकवून आत गेले. एकेका कलमाला बिया लावल्या, बोटांनी नीट घासून. शेवटच्या कलमाशी जयसिंग समोर!

"बाई, हितं काय करताय?"

म्हटलं, मांजर शोधतेय.

"तुमच्याकडं मांजर कुटं हाय?"

"म्हणूनच शोधतेय."

डोकं खाजवत गेला. बोटांचा चिकटा रात्रीपर्यंत सुटला नाही. सुटावा असं वाटतही नव्हतं.

१८ जून

हिरवे कोंब. पावसा, तू आता थांबू नकोस.

८ ऑगस्ट २००४

जाड, राखट पानं. वाढ. खा त्याला.

१२ नोव्हेंबर २००५

दयानंद दारात. "काकू, तुम्ही बॉटनी केलंय ना? आंब्यांवर काहीतरी वेगळंच उगवलंय. छाटू का?" बांडगूळ त्याला नुसतं ऐकून माहीत, पाहून ओळखता येत नाही.

म्हटलं, कशाला? फुलं येतील, पाखरं येतील, शोभा आहे. एक शब्द खोटा नव्हता. पुन्हा पुन्हा आभार मानून गेला. मी दुसऱ्यांदा चहा टाकला, साखर जास्त घालून.

२२ जानेवारी २००६

फुललं!

सकाळी ह्यांना पुसत होते. पलीकडून शिंजिराची किरकिर आली. ह्यांनी मान वळवली, स्वतःहून. डाव्या हाताने पलंगाची कड वाजवत राहिले. मी बादली तशीच ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. काय झालं ते लिहीत नाही.

४ फेब्रुवारी २००७

त्याच्या बागेत यंदा मोहोर नाही. दोन कलमांचे शेंडे वाळले. तो दर शनिवार-रविवारी सकाळी फांद्या न्याहाळतो. पाहा, पाहा. हेही तसेच रिकाम्या आभाळाकडे पाहत होते.

१८ मार्च, रविवार

दयानंदने आंब्याच्या बागांचा एक जाणकार आणला होता. कुंपणाशीच बोलत होते, सगळं ऐकलं. तो माणूस हसत होता. "साहेब, पाखराने पेरलं असतं तर वरच्या फांद्यांवरही दिसलं असतं. हे सगळं माणसाच्या हाताच्या उंचीवर कसं?"

एवढं शिकले आणि शिडी घ्यायचं सुचलं नाही!

दयानंदने मान वळवली. माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी मागे सरकले नाही.

२५ मार्च

सकाळपासून करवत. बांडगुळासकट फांद्या खाली येताहेत. खिडकीसमोरचं कलम तेवढं राहिलं. ह्यांना आवाज ऐकू येतो. जेवण पुन्हा बंद.

त्या झाडाला हात लावू दे, मग बघते. तारेत उभी राहीन. उरलेल्या झाडांना मुळाशी काय घालायचं तेही मला ठाऊक आहे.

८ एप्रिल, रविवार

दयानंद आणि जयसिंगने कुंपणाचे खांब उपटले आणि ते कलम आमच्या बाजूला येईल असे पुन्हा रोवले. जयसिंग म्हणाला, "सायबांचं डोकं फिरलंय." दयानंद मला एवढंच म्हणाला, "काकू, आता हे झाड तुमचं. छाटलंत तर काकांची पाखरं जातील. नाही छाटलंत तर झाड जाईल. मला काही विचारू नका, मीही तुम्हाला विचारत नाही."

ताब्यात मिळालं: हापूसचं एक कलम, बांडगुळासकट. छाटणीची करवत एक, नवी धार लावलेली.