शंभरातले अठरा

४ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटावर माझ्या नावामागे गं. भा. लिहीत जाऊ नकोस. पोस्टमनला माहीत आहे आणि मलाही.

तुझा लेख शब्दकोश मांडीवर घेऊन तीनदा वाचला. विषाणूचा ताप फुप्फुसात उतरून अतिदक्षता विभागात आलेल्या माणसाचे पहिल्या दिवशीचे सात आकडे घ्यायचे, आणि तशा शंभरांतले किती दगावतील ते सांगायचं, एवढं समजलं. लहानपणी हरायला लागलीस की तू पटच उलटायचीस. तुला हे काम कुणी दिलं?

तुमच्या गठ्ठ्यात गेल्या वर्षीचे कागद आहेत म्हणतेस. म्हणजे तुझे काकाही असतील. त्याच विभागात अकराव्या दिवशी गेले. त्यांचा आकडा किती आला, ते कळव. गोड करून लिहू नकोस.

जेवण उभ्याने उरकत जाऊ नकोस.

मावशी

११ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

कागदांवर नावं नसतात. तारीख आणि नऊ नंबरची खाट, यावरून मी काकांना ओळखलं.

अठरा. म्हणजे तशा शंभरांतले ब्याऐंशी घरी जातात. अठरा म्हणजे शून्य नव्हे, त्या अठरांत कुणीतरी असणारच, हे मी रोज दुसऱ्यांना समजावते. तरी तो कागद पुन्हा पुन्हा बाहेर काढते. पुढच्या महिन्यापासून हे सात आकड्यांचं कोष्टक खाटेशेजारी वापरणार आहेत. कुठे चुकतंय का, ते मला त्याआधी कळायला हवं.

विचारलंस म्हणून लिहिलं. रागावू नकोस, तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी ठकू

१६ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

अठरा वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. चहा निवून गेला. आता दोन गोष्टी सांगते.

एक, वय चुकलं आहे. काकांना शाळेत उशिरा घातलं, तेव्हा मास्तरांनी वर्गाला शोभेल असं वय लावून टाकलं. पाच वर्षं कमी. त्यामुळे लिफ्ट दुरुस्तीची नोकरीही पाच वर्षं जास्त झाली, आणि खरं वय कुठल्याही खिडकीवर बोलायचं नाही अशी मला लग्नापासून ताकीद होती. दाखल करताना कारकुनाने विचारलं, तर मी सवयीने त्रेसष्ट म्हटलं. होते अडुसष्ट. धाप लागलेली असतानाही त्यांनी मान हलवून शाबासकी दिली.

दुसरी. ताप आल्यावर मी त्यांना तीन दिवस घरीच ठेवलं. सगळ्यांना मात्र एकच दिवस ठेवलं असं सांगितलं, तुझ्या आईलासुद्धा. ते म्हणत होते उतरेल, पण ठरवलं मी. ब्याऐंशी जण घरी जातात तर हे का नाही, याला मला माझ्याशिवाय दुसरं उत्तर दिसत नाही. त्या तीन दिवसांनी किती फरक पडला, तेवढं काढून कळव.

वेळ लागला तरी चालेल.

मावशी

२५ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

खरं वय घालून पाहिलं. पासष्टीपुढे गुण वाढतात, अठराचे सत्तावीस झाले. काकांनी कोष्टकालाही गंडवलं. आमच्या प्रमुख बाई आधी हसल्या, मग त्यांनी दाखल करतानाचा अर्ज मागवला. आता नातेवाइकांना कागदावरचं आणि खरं अशी दोन्ही वयं विचारायचं ठरलं आहे.

तीन दिवसांना कोष्टकात रकाना नाही. ज्यांच्या कागदावर तापाचा पहिला दिवस लिहिलेला आहे असे दोनशे दहा जण वेगळे काढून पाहिले. लवकर आलेल्यांत आणि उशिरा आलेल्यांत फारसा फरक दिसत नाही. पण उशिरामुळेच ऑक्सिजन, म्हणजे सातांतला एक आकडा, उतरला असेल, तर तो उशीर आधीच आकड्यात शिरलेला असतो. तो मला वेगळा काढता येत नाही. आणि एका माणसाबद्दल तर कुणालाच काही सांगता येत नाही.

तुझ्यामुळे नाही, असं एक ओळीचं पत्र आधी लिहिलं होतं. ते फाडलं.

तुझी ठकू

२ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

फाडलंस ते बरं केलंस. तसलं पत्र मी एकदाच वाचलं असतं. हे चारदा वाचलं.

परवा तुझी आई आली होती. तिला सगळं वाचून दाखवलं, तीन दिवसांसकट. वर्षभर तिच्याशी खोटं बोलले म्हणून ती चिडेल असं वाटलं होतं. तिने चष्मा पुसला आणि ती म्हणाली की म्हणजे बघ, तुझी चूक नव्हतीच.

मी तिला सांगितलं, तसं ह्यात लिहिलेलं नाही. पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि रात्री इथेच राहिली.

आहे तशी माया ठेव.

मावशी