आईचा निरोप

प्रिय सॅम्युएलदादा,
सप्रेम सलाम.

आईच्या मातीला आलास तेव्हा तू विचारलंस, "तिनं माझं नाव काढलं का गं?" मी नुसती रडत राहिले.

एप्रिलमध्ये मी तिला समुद्र दाखवायला हर्णैला नेलं होतं. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं, म्हणून सगळं मोबाइलमध्ये घेतलं आणि कार्ड पुसलं. त्यात तुझ्यासाठी तिचा व्हिडिओ होता. वाळूत बसून ती म्हणाली, "सॅमू, तुझ्या लग्नाला आले न्हाई, चुकले मी. सुनेला घिऊन घरी ये."

परतताना केडगाव स्टेशनवर उतरलो, तर माझ्या पर्समध्ये मोबाइलच नव्हता.

तू मला बजावलं होतंस, "आई स्वतः बोलावेल तेव्हाच येईन." मोबाइल हरवलाय, पुन्हा बोल, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तिनं विचारलं, "सॅमूनं बघितलं का?" आणि माझ्या तोंडून "व्हय" निघून गेलं.

"मग काय म्हणला?"

"येतो म्हणाला."

तेव्हापासून ती रोज दारात खुर्ची टाकून बसायची. उद्या खरं सांगू म्हणता म्हणता जूनमध्ये ती गेली.

हे पत्र टपालात टाकायचं धाडस मला होणार नाही. पण दादा, ती तुझ्यावर एकदाही रागावली नाही. "रजा मिळत नसंल त्याला," म्हणायची.

तुझी अपराधी बहीण,
राहेल